स्वतंत्र लॉगिन मागणाऱ्या वायफायला लॅपटॉप सुरक्षितपणे कसा जोडावा

नव्या संस्थेत दाखल झालात की तुम्हाला एक युजरनेम आणि पासवर्ड मिळतो, आणि वायफायसाठीही हेच वापरा असं सांगितलं जातं. लॅपटॉपवर नेटवर्कचं नाव निवडल्यावर मात्र घरच्यासारखी पासवर्डची एकच चौकट येत नाही. ईएपीची पद्धत कोणती, आयडेंटिटी काय, सीए सर्टिफिकेट कुठलं, डोमेन कोणतं, असे प्रश्न एकामागून एक समोर येतात. घाईत असलेला माणूस काहीतरी निवडून बघतो, नाही जमलं तर दुसरं निवडतो आणि कधीतरी इंटरनेट सुरू होतं. पण इंटरनेट सुरू झालं म्हणजे जोडणी नीट झाली असं समजू नका. या प्रकारच्या वायफायमध्ये चुकीच्या सेटिंगवरही सगळं सुरळीत चालतं, आणि नेमका तिथेच धोका असतो.

म्हणून या लेखात प्रत्येक चौकटीत काय भरायचं ते सांगितलं असलं, तरी सगळ्यात जास्त जागा सर्टिफिकेटच्या, म्हणजे सर्व्हर स्वतःची ओळख पटवायला दाखवतो त्या डिजिटल दाखल्याच्या, तपासणीला दिली आहे. बाकीचं चुकलं तर फार तर वायफाय जोडलं जाणार नाही. सर्टिफिकेटचं चुकलं तर तुमचा पासवर्ड भलत्याच्या हाती जाऊ शकतो, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

हे नेटवर्क घरच्या वायफायपेक्षा वेगळं कसं

घरच्या वायफायचा पासवर्ड सगळ्यांना मिळून एकच असतो. डब्ल्यूपीए२ या सुरक्षा-प्रकाराच्या अशा नेटवर्कवर ज्याला तो पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने तुमचा लॅपटॉप जोडला जातानाची देवाणघेवाण हवेतून टिपली आहे, तो तुमची पुढची वाहतूकही उलगडू शकतो. शिवाय एखाद्याला नेटवर्कमधून काढायचं झालं तर सगळ्यांचाच पासवर्ड बदलावा लागतो.

संस्थांच्या नेटवर्कमध्ये प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असतं. सेटिंग्जमध्ये त्याला डब्ल्यूपीए२-एंटरप्राइझ किंवा डब्ल्यूपीए३-एंटरप्राइझ म्हणतात. त्यामागचं मानक म्हणजे ८०२.१एक्स, आणि ते २००१ पासून आहे. भिंतीवरचं किंवा छताचं वायफायचं यंत्र, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, स्वतः तुमचा पासवर्ड तपासत नाही. तो तुमचा लॅपटॉप आणि मागे बसलेला रेडियस सर्व्हर, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर, यांच्यातला निरोप्या असतो. लॅपटॉप आणि सर्व्हर आपसात एक कूटबद्ध बोगदा तयार करतात, पासवर्डची तपासणी त्या बोगद्याच्या आत होते, आणि सर्व्हरने होकार दिला की ॲक्सेस पॉइंट तुम्हाला आत घेतो. त्याच वेळी तुमच्या जोडणीसाठी एक वेगळी किल्ली तयार होते. शेजारी बसलेला माणूस त्याच नेटवर्कवर असला तरी त्याची किल्ली वेगळी आणि तुमची वेगळी.

या रचनेतलं महत्त्वाचं वाक्य म्हणजे ‘लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात बोगदा’. बोगदा कितीही भक्कम असो, त्याच्या दुसऱ्या टोकाला तुमच्याच संस्थेचा सर्व्हर आहे याची खात्री कोणी करायची? ती तुमच्या लॅपटॉपने करायची असते. आणि ती कशी करायची, हे त्याला तुम्ही सांगायचं असतं.

आधी ही माहिती गोळा करा

जोडणीला हात घालण्याआधी संस्थेच्या आयटी विभागाचं वायफायविषयीचं पान उघडा किंवा हेल्पडेस्कला विचारा. पुढच्या गोष्टी कागदावर लिहून घ्या, कारण वायफाय जोडेपर्यंत लॅपटॉपवर ते पान उघडणार नाही.

१. नेटवर्कचं नेमकं नाव. लहानमोठी अक्षरं आणि मधल्या रेघांसकट.

२. युजरनेम कसं लिहायचं. नुसतं नाव, की पुढे ‘ॲट’चं चिन्ह आणि संस्थेचं डोमेन? ईमेलचा पत्ता आणि वायफायचं युजरनेम दिसायला सारखे असले तरी कित्येकदा वेगळे असतात. हा प्रश्न न चुकता विचारा. जोडणी न होण्याचं सर्वांत साधं आणि सर्वांत नेहमीचं कारण हेच असतं.

३. पासवर्ड कोणता. काही संस्था वायफायसाठी वेगळा पासवर्ड देतात. ईमेलला मोबाइलवरचा ओटीपी लागत असला तरी वायफायच्या या चौकटीत सहसा ओटीपी टाकायला जागाच नसते.

४. ईएपीची पद्धत, म्हणजे लॉगिन तपासण्याची रीत. बहुतेक ठिकाणी पीईएपी असते आणि तिच्या आत एमएस-चॅप-व्ही२. काही ठिकाणी टीटीएलएस आणि तिच्या आत पीएपी. आणि काही ठिकाणी ईएपी-टीएलएस, ज्यात पासवर्डच नसतो. लॅपटॉपवर तुमच्या नावाचं सर्टिफिकेट बसवावं लागतं.

५. रेडियस सर्व्हरचं नाव आणि त्याचं सर्टिफिकेट कोणत्या सीएने, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या कोणत्या संस्थेने, दिलं आहे ते. सीए संस्थेचीच खासगी असेल तर तिची फाइलही लागेल.

पाचवा मुद्दा विचारल्यावर कधी कधी समोरचा माणूस गोंधळतो किंवा ‘त्याची गरज नाही’ म्हणतो. तरीही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. ज्याने ते नेटवर्क उभं केलं आहे त्याला हे माहीत असतंच.

सर्टिफिकेट तपासलं नाही तर काय होतं

समजा तुमच्या संस्थेच्या वायफायचं जे नाव आहे, तेच नाव देऊन कोणीतरी इमारतीच्या बाहेर स्वतःचा ॲक्सेस पॉइंट सुरू केला. वायफायचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतो, त्याला परवानगी लागत नाही. तुमचा लॅपटॉप ओळखीचं नाव दिसलं की आपणहून जोडायला जातो. सर्टिफिकेट तपासायचं नाही असं तुम्ही त्याला सांगून ठेवलं असेल, तर तो त्या खोट्या सर्व्हरशीही तितक्याच विश्वासाने बोगदा तयार करतो आणि लॉगिन सुरू करतो. लॅपटॉप बॅगेत असला तरी, चालू असेल तर, हे होऊ शकतं.

आत पीएपी असेल तर पासवर्ड आहे तसा त्या सर्व्हरच्या हाती पडतो. एमएस-चॅप-व्ही२ असेल तर पासवर्ड थेट जात नाही, त्यापासून काढलेलं एक उत्तर जातं, आणि म्हणून अनेकांना ही पद्धत पुरेशी वाटते. पण २०१२ साली सुरक्षा संशोधकांनी उघड दाखवून दिलं की अशी एक देवाणघेवाण टिपली की बाकी सगळं काम डीईएस या जुन्या कूटपद्धतीची ५६ बिटांची एकच किल्ली शोधण्यावर येतं, आणि ते काम यंत्रं करू शकतात. त्यातून पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डपासून गणिताने काढलेली ठरावीक ओळ, मिळतो, आणि या पद्धतीत लॉगिन करायला तो हॅशच पुरतो. म्हणजे तुमचा पासवर्ड वीस अक्षरी असला, त्यात चिन्हं, आकडे सगळं असलं, तरी इथे त्याचा उपयोग होत नाही. या पद्धतीचं सगळं संरक्षण बाहेरच्या बोगद्यावर, आणि बोगद्याचं संरक्षण सर्टिफिकेटच्या तपासणीवर उभं आहे.

ही चोरी फक्त वायफायपुरती राहत नाही, हेही लक्षात घ्या. संस्थांमध्ये वायफायचं लॉगिन म्हणजे बहुधा ईमेलचं, फाइल्सचं, पगाराच्या किंवा निकालाच्या पोर्टलचंही लॉगिन असतं.

तपासणी पूर्ण व्हायला दोन गोष्टी लागतात: विश्वासू सीए आणि सर्व्हरचं नाव. फक्त सीए निवडून थांबणारे बरेच असतात. सीए संस्थेची खासगी असेल तर त्याने बऱ्यापैकी भागतं. पण सीए सार्वजनिक असेल, म्हणजे वेबसाइटना सर्टिफिकेट देणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी एक असेल, तर तिच्याकडून स्वतःच्या डोमेनसाठी सर्टिफिकेट कोणीही घेऊ शकतो, चोरसुद्धा. त्याचं सर्टिफिकेट खरंच असेल, फक्त त्यावरचं नाव वेगळं असेल. म्हणून नाव भरायची चौकट रिकामी सोडू नका. तिला कुठे ‘डोमेन’, कुठे ‘सर्व्हर नेम’, कुठे ‘डोमेन सफिक्स मॅच’ म्हटलेलं दिसेल, काम एकच.

तयार फाइल किंवा ॲप मिळत असेल तर तेच वापरा

अनेक संस्था सेटिंगची तयार फाइल किंवा छोटा प्रोग्राम देतात. तो चालवला की सीए, सर्व्हरचं नाव, ईएपीची पद्धत हे सगळं आपोआप बरोबर भरलं जातं आणि तुम्ही फक्त युजरनेम आणि पासवर्ड टाकता. माझं स्पष्ट मत आहे की ही सोय असताना हाताने सेटिंग भरू नये. हाताने भरताना एक चौकट रिकामी राहते आणि तरीही वायफाय चालतं. मग ती रिकामी चौकट पुन्हा कोणी बघत नाही.

विद्यापीठांमध्ये आणि संशोधन संस्थांमध्ये असाल तर तुमचं नेटवर्क एड्युरोम असण्याची शक्यता मोठी आहे. शंभराहून अधिक देशांत ते चालतं. एका संस्थेचं लॉगिन दुसऱ्या संस्थेत, दुसऱ्या देशातही, जसंच्या तसं वापरता येतं. त्यासाठी ‘कॅट’ नावाची सोय आहे. तिच्या अधिकृत पानावर आपल्या संस्थेचं नाव शोधलं की विंडोज, मॅक, लिनक्स अशा प्रत्येकासाठी योग्य इन्स्टॉलर मिळतो. ‘गेट-एड्युरोम’ हे ॲपही तेच काम करतं.

एड्युरोमवर युजरनेम नेहमी डोमेनसकट, पूर्ण लिहायचं. स्वतःच्या संस्थेत नुसत्या नावावरही कधी कधी चालून जातं, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. बाहेरगावी गेल्यावर मात्र तिथल्या सर्व्हरला तुमची विचारणा कोणाकडे पाठवायची ते त्या डोमेनवरूनच कळतं, आणि डोमेन नसेल तर विचारणा तिथेच अडते. म्हणून प्रवासाला निघण्याआधी आपल्याच संस्थेत पूर्ण युजरनेमने एकदा जोडून बघा. तुमचं लॉगिन तपासतो तो तुमच्या संस्थेचा सर्व्हर, त्यामुळे पाहुण्या संस्थेचं हेल्पडेस्क तुमचा पासवर्ड दुरुस्त करून देऊ शकत नाही.

फाइल उतरवायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटसाठी फाइल, हा पेच मोबाइलच्या हॉटस्पॉटने किंवा केबलने सोडवा. काही संस्था फक्त सेटअपसाठी एक खुलं वायफाय ठेवतात; त्यावर फाइल उतरवली की लॅपटॉपला ते नेटवर्क विसरायला लावा. फाइल मात्र संस्थेच्या पानावरूनच घ्या. कोणी चॅटवर पाठवलेली फाइल बसवू नका, कारण त्यात चुकीचा सीए घातलेला असला तर सगळी तपासणी आतूनच पोकळ होते.

विंडोजवर

टास्कबारवरून नेटवर्क निवडून युजरनेम-पासवर्ड टाकला की विंडोज बहुधा पद्धत स्वतः ओळखतं आणि विचारतं की या ठिकाणी हे नेटवर्क असणं अपेक्षित असेल तर पुढे जा. त्याच चौकटीत सर्टिफिकेटचा तपशील बघायची सोय असते. तो उघडा आणि त्यातला थंबप्रिंट, म्हणजे आकडे आणि अक्षरांची लांब ओळ, आयटी विभागाने दिलेल्या ओळीशी पडताळा. सुरुवातीची चार अक्षरं जुळली म्हणून समाधान मानू नका, पूर्ण ओळ बघा. जुळली तरच ‘कनेक्ट’ म्हणा.

त्याहून पक्का मार्ग हाताने प्रोफाइल तयार करण्याचा आहे. थोडा लांब आहे, पण एकदाच करायचा असतो.

१. सीए खासगी असेल तर आधी तिची फाइल उघडा, ‘इन्स्टॉल सर्टिफिकेट’ निवडा आणि ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’ या साठ्यात ठेवा. इथे एक सावधगिरी: या साठ्यात ठेवलेल्या सीएवर तुमचा लॅपटॉप वायफायच्या पलीकडेही विश्वास ठेवतो. फाइल कुठून आली याची पूर्ण खात्री असेल तरच हे करा.

२. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’ उघडा, नवीन जोडणी तयार करायचा दुवा निवडा आणि त्यात वायरलेस नेटवर्कला हाताने जोडण्याचा पर्याय घ्या.

३. नेटवर्कचं नाव लिहा, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२-एंटरप्राइझ किंवा संस्थेने सांगितला असेल तो निवडा. पुढच्या पानावर ‘चेंज कनेक्शन सेटिंग्ज’ दाबा.

४. ‘सिक्युरिटी’च्या टॅबवर पद्धत पीईएपी ठेवा आणि शेजारचं ‘सेटिंग्ज’ बटण दाबा. सर्टिफिकेटवरून सर्व्हरची ओळख तपासण्याच्या ओळीपुढे टिक हवी. त्याखाली ‘कनेक्ट टू दीज सर्व्हर्स’समोर टिक करून रेडियस सर्व्हरचं नाव लिहा. खालच्या यादीत फक्त तुमचा सीए निवडा. बाकीच्या नावांवर टिक नको.

५. त्याच चौकटीत आतली पद्धत ‘सिक्युअर्ड पासवर्ड’, म्हणजे ईएपी-एमएस-चॅप-व्ही२, ठेवा. तिच्या ‘कॉन्फिगर’मध्ये विंडोजचं लॉगिन आपोआप वापरण्याची टिक असते. लॅपटॉप तुमचा स्वतःचा असेल तर ती काढून टाका, नाहीतर विंडोज तुमच्या घरच्या खात्याचं नाव संस्थेच्या सर्व्हरला सांगत बसेल आणि सर्व्हर नकार देत बसेल.

६. मागे येऊन ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ओळख पटवण्याचा प्रकार ‘युजर ऑथेंटिकेशन’ करा. ‘सेव्ह क्रेडेन्शियल्स’मधून युजरनेम-पासवर्ड साठवता येतो.

टीटीएलएस लागत असेल तर चौथ्या पायरीत ती पद्धत निवडा. विंडोज ८ पासून ती आतच असते, वेगळा प्रोग्राम लागत नाही.

मॅकवर

मॅकवर वरच्या पट्टीतून नेटवर्क निवडलं की युजरनेम आणि पासवर्ड विचारला जातो, ‘मोड’ मात्र ‘ऑटोमॅटिक’वरच राहू द्या. मग सर्टिफिकेट पडताळण्याची चौकट येते. तिच्यात सर्व्हरचं नाव लिहिलेलं असतं. ‘शो सर्टिफिकेट’ दाबून नाव, देणारा सीए आणि मुदत बघा. सगळं कागदावरच्या माहितीशी जुळलं तर पुढे जा. मॅक तुमच्या मॅकचा पासवर्ड मागेल, कारण तो त्या सर्टिफिकेटवरचा विश्वास नोंदवून ठेवतो. इथे दोन पासवर्डांची गल्लत होते: आधी मागितला तो संस्थेचा, नंतर मागितला तो मॅकचा.

बोगद्याच्या आत पीएपी असेल तर हाताने काम होणं कठीण. संस्थेकडून प्रोफाइलची फाइल घ्या. ती डबल-क्लिक केल्यावर लगेच बसत नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोफाइल मंजूर करावं लागतं. कुठे जायचं ते आवृत्तीप्रमाणे बदलतं, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘प्रोफाइल’ किंवा ‘डिव्हाइस मॅनेजमेंट’ टाइप करा.

लिनक्सवर आणि क्रोमबुकवर

लिनक्सवर सगळे प्रश्न एकाच चौकटीत समोर येतात. मला हे आवडतं, कारण काही लपलेलं राहत नाही. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपच्या चौकटीत असं भरा:

सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-एंटरप्राइझचा. ‘ऑथेंटिकेशन’ पीईएपी. ‘ॲनॉनिमस आयडेंटिटी’ म्हणजे बोगदा तयार होण्याआधी उघड्यावर सांगितलं जाणारं नाव. ते आजूबाजूच्या कोणालाही टिपता येतं. संस्थेने त्यासाठी एखादं सर्वसाधारण नाव दिलं असेल तर ते लिहा, म्हणजे तुमचं खरं युजरनेम बोगद्याच्या आतच राहील. ‘डोमेन’मध्ये रेडियस सर्व्हरचं नाव. ‘सीए सर्टिफिकेट’मध्ये संस्थेने दिलेली फाइल. पीईएपीची आवृत्ती आपोआप. ‘इनर ऑथेंटिकेशन’ एमएस-चॅप-व्ही२. मग युजरनेम आणि पासवर्ड.

सीए सर्टिफिकेटच्या खाली ‘सर्टिफिकेटची गरज नाही’ अशा अर्थाची एक टिकची चौकट असते. इंटरनेटवर फिरणाऱ्या अर्ध्यामुर्ध्या सूचनांमध्ये ती टिक करून मोकळे व्हा असं सांगितलेलं सापडतं. वर सांगितलेला सगळा धोका त्या एका टिकेत आहे. तिला हात लावू नका. सर्टिफिकेटची फाइल घरच्या फोल्डरमध्ये अशा जागी ठेवा की ती नंतर चुकून पुसली जाणार नाही, कारण लिनक्समध्ये जोडण्या सांभाळणारा नेटवर्क मॅनेजर प्रत्येक जोडणीला तीच फाइल वाचतो.

पासवर्डच्या चौकटीच्या टोकाला एक लहान चित्र असतं. ते दाबलं की पासवर्ड फक्त तुमच्या खात्यासाठी साठवायचा, सगळ्या वापरकर्त्यांसाठी साठवायचा की दर वेळी विचारायचा ते निवडता येतं. सगळ्यांसाठी म्हटलं तर तो डिस्कवर साध्या मजकुरात राहतो, फक्त रूटला, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याला, वाचता येईल असा. फक्त स्वतःच्या खात्यासाठी ठेवणं बरं.

क्रोमबुकवरही साधारण हेच प्रश्न येतात. ‘सर्व्हर सीए सर्टिफिकेट’मध्ये ‘डू नॉट चेक’ कधीही निवडू नका, आणि ‘डोमेन सफिक्स मॅच’मध्ये नाव लिहा.

ईएपी-टीएलएस असेल तर

इथे पासवर्ड नसतो, म्हणून चोरायलाही काही नसतं. माझ्या मते ही सगळ्यांत चांगली पद्धत आहे. संस्था तुम्हाला तुमच्या नावाचं सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त किल्ली एका फाइलमध्ये देते, आणि ती उघडायला एक वेगळा पासवर्ड. ती लॅपटॉपवर बसवली की जोडणीच्या वेळी ईएपी-टीएलएस निवडून ते सर्टिफिकेट दाखवायचं. सर्व्हरची तपासणी इथेही तशीच भरायची. बसवून झाल्यावर डाउनलोडच्या फोल्डरमधली फाइल काढून टाका आणि ती कोणाला पाठवू नका. लिनक्सवर जोडणी त्या फाइलकडेच बोट दाखवत असेल, तर तिला सुरक्षित फोल्डरमध्ये हलवूनच सेटिंग भरा. सर्टिफिकेटची मुदत कधी संपते ते कॅलेंडरमध्ये नोंदवून ठेवा. मुदत संपली की कालपर्यंत चालणारं वायफाय आज सकाळी काहीही न सांगता बंद पडतं.

जोडलं जात नाही तेव्हा

आधी ठरवा की काम कुठे अडलंय. नेटवर्कचं नावच दिसत नाही, नाव दिसतं पण लॉगिन होत नाही, आणि लॉगिन होतं पण इंटरनेट चालत नाही, या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. हेल्पडेस्कला फोन करतानाही यातली कोणती ते सांगितलंत तर वेळ वाचतो.

नाव दिसत नसेल तर लॅपटॉपचं वायफाय कार्ड जुनं असू शकतं. ६ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातली नेटवर्क्स जुन्या कार्डांना दिसतच नाहीत. शेजारच्याला दिसतं आणि तुम्हाला नाही, तर कारण बहुधा हेच, किंवा कार्डाचा ड्रायव्हर.

लॉगिन होत नसेल तर या क्रमाने बघा. युजरनेम पूर्ण आहे का, आणि त्याच्या शेवटी चुकून रिकामी जागा गेली नाही ना. कॉपी-पेस्ट केल्यावर ती हमखास येते. तोच पासवर्ड संस्थेच्या पोर्टलवर चालतो का. मग लॅपटॉपची तारीख आणि वेळ बघा. हे बऱ्याच जणांना सुचत नाही: आतली छोटी बॅटरी संपलेल्या जुन्या लॅपटॉपची तारीख काही वर्षं मागे जाते, आणि मग त्याच्या हिशेबाने सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नसते. तारीख दुरुस्त केली की वायफाय लगेच जोडलं जातं. एवढं करूनही होत नसेल तर लॅपटॉपला ते नेटवर्क विसरायला लावा आणि पहिल्यापासून जोडा, कारण अर्धवट प्रयत्नातली चुकीची सेटिंग्ज प्रोफाइलमध्ये साठून राहतात.

ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केल्यानंतर लगेच जोडणी बंद पडली असेल तर दोन कारणं शक्य असतात. नव्या सिस्टिम्स टीएलएसच्या, म्हणजे बोगदा उभारणाऱ्या तंत्राच्या, जुन्या आवृत्त्या नाकारतात, आणि संस्थेचा सर्व्हर जुना असेल तर बोगदाच तयार होत नाही. याचा खरा उपाय सर्व्हरच्या बाजूला आहे. लॅपटॉपची सुरक्षा खाली आणून जोडण्याच्या युक्त्या टाळा आणि आयटी विभागाला कळवा. दुसरं, विंडोज ११च्या २२एच२ आवृत्तीपासून संस्थांच्या ताब्यातल्या अनेक लॅपटॉपांवर ‘क्रेडेन्शियल गार्ड’, म्हणजे साठवलेल्या लॉगिनचं रक्षण करणारी सोय, आपोआप सुरू असतो, आणि त्यामुळे विंडोजचंच लॉगिन एमएस-चॅप-व्ही२ला आपोआप पुरवता येत नाही. तेव्हा युजरनेम-पासवर्ड हाताने टाकून बघा.

लॉगिन झालं पण इंटरनेट नाही, तर लॅपटॉपला मिळालेला आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर नेटवर्ककडून पत्ता मिळालेलाच नाही. काही संस्था उपकरणाचा हार्डवेअर पत्ता नोंदवून घेतात. तिथे लॅपटॉपमधली दर वेळी बदलत्या पत्त्याची सोय त्या एका नेटवर्कपुरती बंद करावी लागते. पत्ता ठीक असेल तर व्हीपीएन चालू राहिलं आहे का ते बघा.

चालणाऱ्या नेटवर्कने अचानक सर्टिफिकेट विचारलं तर

सर्व्हरचं सर्टिफिकेट ठरावीक मुदतीने बदलावंच लागतं. ज्यांनी फक्त थंबप्रिंट बघून होकार दिला होता त्यांना त्या दिवशी पुन्हा विचारणा होते. ज्यांनी सीए आणि नाव भरलं होतं त्यांना सहसा काही जाणवतही नाही. त्यामुळे नवी विचारणा आली म्हणजे हल्लाच झाला असं नाही, आणि नेहमीचंच आहे असं समजून होकारही देऊ नका. संस्थेने सर्टिफिकेट बदलल्याची सूचना दिली आहे का ते मोबाइलच्या इंटरनेटवरून बघा, नवा थंबप्रिंट पडताळा, मगच पुढे जा. संस्थेच्या आवाराबाहेर, बस थांब्यावर किंवा हॉटेलात असताना ही विचारणा आली तर थेट नकार द्या. तिथे ते नेटवर्क असण्याचंच कारण नाही.

एड्युरोम मात्र याला अपवाद आहे, कारण ते खरोखरच कुठेही भेटतं. पण तिथेही सर्टिफिकेट तुमच्याच संस्थेचं आलं पाहिजे, पाहुण्या संस्थेचं नाही.

पासवर्ड बदलल्यावर आणि संस्था सोडताना

पासवर्ड बदलला की तो लॅपटॉप, फोन, टॅब्लेट अशा प्रत्येक उपकरणावर त्याच दिवशी बदला. ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन जुन्या पासवर्डने दर थोड्या वेळाने प्रयत्न करत राहतो, आणि तेवढे नकार साचले की अनेक संस्थांमध्ये खातंच कुलूपबंद होतं. ‘माझं खातं पुन्हापुन्हा लॉक होतंय’ अशी तक्रार असेल तर आधी असं विसरलेलं उपकरण शोधा.

लॅपटॉप दुसऱ्याला देताना किंवा संस्था सोडताना वायफायचं प्रोफाइल काढून टाका, मॅकवर बसवलेलं प्रोफाइल आणि पासवर्ड साठवणाऱ्या किचेनमधली नोंद पुसा, ईएपी-टीएलएसचं स्वतःचं सर्टिफिकेट असेल तर तेही काढा. आणि विंडोजवर पहिल्या पायरीत संस्थेचा खासगी सीए बसवला असेल, तर तो विश्वासू साठ्यातून न विसरता बाहेर काढा. प्रोफाइल पुसलं तरी तो तिथेच राहतो.